मेंढरं न बसलेली जागा

"उपळेकर, मोजा," सरगर साहेब म्हणाले.

"काय मोजू, साहेब?"

"रिकामी जागा."

निंबळ्याच्या मातीच्या धरणाचा पायथा. सकाळचे साडेसहा. समोर तीनशेच्या आसपास मेंढरं रवंथ करत बसली होती. त्यांच्या मधोमध, कुणी फणीने भांग पाडावा तसा, एक पट्टा मोकळा होता. धरणाच्या उतारापासून खाली चरापर्यंत. त्या पट्ट्यावर एकही मेंढरू नव्हतं.

मी टेपचं एक टोक धरलं, दुसरं साहेबांनी धरलं. रुंदी चौदा मीटर, लांबी एकतीस. मी वहीत लिहिलं.

"मेंढरं ओल्या जागेवर बसत नाहीत, उपळेकर," साहेब म्हणाले. "काही झालं तरी बसत नाहीत."

मग त्यांनी मान वर करून धरणाकडे पाहिलं. त्या मातीच्या भिंतीमागे बावीस मीटर पाणी उभं होतं.

मी वहीतून डोकं वर काढलं नाही. कारण तासाभरापूर्वी त्याच पट्ट्यावर मेंढरं बसलेली मी पाहिली होती. चांगली आरामात.

मी तेव्हा पाटबंधारे खात्यात अनुरेखक होतो. अनुरेखक म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तोच नकाशा पुन्हा काढणारा माणूस. या कामात स्वतःचं मत असण्याची गरज नसते, म्हणून मला ते जमलं. बाकी वेळ मी वाचत असे. साहेबांच्या मुलींनी आता त्यांच्या आठवणींसाठी माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. दोन पानांत हे बसेल असं वाटत नाही, आणि मला ते नीट सांगता येईल की नाही याचीही शंका आहे. पण त्या सकाळी तिथे असलेल्या तिघांपैकी आता मीच उरलो आहे.

साहेबांचं पूर्ण नाव लिंबाजी म्हाकू सरगर. वर्षातले आठ महिने मेंढरांमागे फिरणाऱ्या घरात ते वाढले. पहिली ते चौथी त्यांनी पाच गावांत केली. चार इयत्ता आणि पाच गावं कशी, असं मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "तिसरी दोन गावांत झाली." पुढे वसतिगृह, पुढे इंजिनियरिंग कॉलेज. तिथे त्यांच्या ट्रंकेला लोकरीचा वास येतो म्हणून खोलीतल्या मुलांनी ती व्हरांड्यात काढून ठेवली. साहेबही ट्रंकेबरोबर व्हरांड्यात राहायला गेले. तिथे रात्रभर दिवा असायचा, त्यामुळे आपण वर्गात पहिले आलो, असं ते सांगत. हे सांगताना ते हसत नसत, त्यामुळे खरं किती ते कधी कळलं नाही.

घरी त्यांना तीन मुली. तिघींच्या वेण्या रोज सकाळी साहेब स्वतः घालत. लोकरीची दोरी वळणाऱ्या घराण्यातली ती वेणी, संध्याकाळपर्यंत सुटत नसे. थोरली वैजू म्हणायची, "बाबा, डोळे मिटत नाहीत." साहेब म्हणायचे, "वर्गात मिटायचे नसतातच."

त्या वर्षी निंबळ्याचं धरण पहिल्यांदाच भरलं होतं. अकरा गावं कित्येक वर्षं त्या पाण्याची वाट पाहत होती, आणि त्यांतलं एक साहेबांचं स्वतःचं होतं. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पावसाने धरणाच्या उतारावर घळी पडल्या होत्या, त्या मोजून त्यांचा नकाशा करायचा म्हणून साहेब मला घेऊन तीन दिवसांसाठी धरणावर आले. त्याच वेळी त्यांचे वडील, आबा, मेंढरं घेऊन पश्चिमेकडे निघाले होते. मुलगा धरणावर आहे असं कळल्यावर म्हाताऱ्याने वाट वाकडी करून मेंढरं धरणाच्या पायथ्याशी आणून बसवली. आम्ही चौकीत झोपायचो, आबा मेंढरांत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा चौकीच्या पायरीवर येऊन बसले. साहेब चहा करत होते.

"लिंबा, भुई गार हाय."

"थंडी पडायला लागली की, आबा."

"थंडीचं न्हाई म्हणत. घोंगडं भिजतंय माझं."

"दंव पडतंय हल्ली."

"दंव वरनं पडतं. घोंगडं खालनं भिजलंय."

साहेबांनी चहा गाळून पुढे केला. "आबा, धरणाच्या खाली थोडी ओल राहतेच. पाझर असतो. तो किती येणार हे आम्ही आधीच डिझाइनमध्ये धरलेलं असतं. चरातलं पाणी मी आज मोजलंय. स्वच्छ आहे आणि हद्दीत आहे."

"म्हंजे घोंगडं बी धरलंय त्यात?"

"धरलंय."

"काल हुती त्यापरीस आज जास्त गार हाय."

"आबा, तुमचं वय झालं. हाडाला थंडी जास्त लागते."

आबांनी चहा बशीत ओतला आणि एका घोटात संपवला. "साठ वर्सं भुईवर निजतोय," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "ह्यो कॉटवर निजतो. आन भुईचं मला सांगतो." मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी कपबशी उचलून विसळायला नेली.

मी स्वभावाने लाजाळू असल्यामुळे दौऱ्यावर असताना सगळ्यांच्या आधी उठून, डबा घेऊन, परसाकडला जरुरीपेक्षा बरंच लांब जात असे. तिसऱ्या दिवशी तसाच गेलो. तांबडं फुटलं होतं. परत येताना पायथ्याशी पाहतो, तर आबा बसलेल्या मेंढरांत फिरत होते. हातातल्या काठीने एकेकीला हळूच ढोसत होते, तोंडाने अगदी बारीक आवाज करत होते. एक उठली की तिला बाजूला नेऊन बसवायची, मग दुसरी. मेंढरांना ते आवडत नव्हतं. काही उठायची, दोन पावलं जायची आणि परत तिथेच बसायला बघायची. आबा त्यांच्यापुढे काठी आडवी धरून उभे राहायचे. बघता बघता मधला पट्टा मोकळा झाला. मग त्यांनी वळून पाहिलं, आणि मी डबा घेऊन उभा.

"कोण? कारकून?"

"अनुरेखक," मी म्हणालो.

"काय बी असा. बगितलंसा?"

"हो."

"मग आता न्हाई बगितलं."

"पण आबा, हे कशासाठी?"

"लिंबा माझं ऐकत न्हाई. मेंढराचं ऐकतो. ल्हानपणापास्नं तसाच हाय. म्या म्हणायचो पाऊस येतुया, तर हासायचा. मेंढरांनी तोंडं फिरवली की पळत जाऊन सामान झाकायचा."

"पण मेंढरं तर बसली होती."

"बसली हुती. त्यांच्या अंगावर लोकर किती हाय बगा. त्यास्नी कळायला आजून चार रोज जात्याल. मला कळलंय." आबा जवळ आले. त्यांच्या अंगाला दुधाचा आणि धुराचा वास होता. "सायेब, चार रोज न्हाईत आपल्याकडं. भुई रोज गार हुतीया. तुमी बोलू नगा. एवढंच करा."

न बोलणं मला कधीच जड गेलेलं नाही. मी मान हलवली. थोड्या वेळाने साहेब दात घासत खाली आले, पट्ट्यासमोर थांबले आणि मला टेप आणायला सांगितलं.

तिथून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि प्रत्येक पायरीवर मला ते थांबवता आलं असतं.

चौकीत फोन होता. साहेबांनी कार्यकारी अभियंता चौबळ साहेबांच्या घरी फोन लावला. ते आमच्या साहेबांचे वरिष्ठ. फोन जुना असल्यामुळे पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू यायचं.

"सर, धरणाचं पाणी चार मीटरने खाली आणावं लागेल. आजच. पायथ्याशी गळती वाढते आहे."

"चरातलं पाणी गढूळ येतंय?"

"नाही सर. स्वच्छ आहे."

"प्रमाण वाढलं?"

"हद्दीत आहे."

"मग कशावरून म्हणता?"

साहेबांनी एकदा खिडकीतून बाहेर पाहिलं. "धरणाच्या लांबीवर चारशे दहा ते चारशे चोवीस मीटरच्या दरम्यान मेंढ्या बसत नाहीत, सर."

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"सरगर, बरे आहात ना?"

"हो सर."

"अकरा गावांचं रब्बीचं पाणी आहे ते. पुढच्या महिन्यात जलपूजनाला कोण येणार आहे, तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या लेखी आदेशाशिवाय पाण्याच्या दाराला हात लावायचा नाही. लावलात तर निलंबन, आणि मी मध्ये पडणार नाही. मुलीबाळींचा विचार करा."

"हो सर," साहेब म्हणाले. फोन ठेवला, आणि खिळ्याला टांगलेली किल्ली घेतली.

पाणी सोडायचं लोखंडी दार चाकाने वर उचलावं लागे. चाक फिरवायला दोन माणसं लागत. चौकीदार हणमंत बाजाराला गेला होता, म्हणून साहेब आणि मी. साहेबांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं.

"तुमची यात काही जबाबदारी नाही, उपळेकर. मी सांगितलं म्हणून तुम्ही फिरवलंत."

"हो, साहेब."

"फिरवायचं नसेल तर हणमंत येईपर्यंत थांबतो. दुपार होईल."

त्या वेळी बोलायला हवं होतं. साहेब, मेंढरं आपणहून उठली नाहीत, आबांनी उठवली. एवढं एकच वाक्य. ते बोललो असतो तर दार उघडलं गेलं नसतं, साहेबांची नोकरी धोक्यात आली नसती, मुली त्याच शाळेत राहिल्या असत्या, अकरा गावांना पाणी मिळालं असतं. आणि म्हातारा म्हणत होता ते खरं असतं तर धरणाखालच्या निंबळे गावात माणसं किती होती हे मी कालच नकाशावर वाचलं होतं. आठशे बेचाळीस. एका बाजूला माणसाचं घोंगडं, दुसऱ्या बाजूला खात्याचं डिझाइन. मी पुष्कळ वाचलेलं होतं, त्यातलं काही उपयोगी पडलं नाही.

मी चाकाला हात लावला. फिरवताना तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा मी दम खातोय असं साहेबांना वाटलं असावं, कारण ते म्हणाले, "सावकाश."

पाणी सुटलं. त्याचा आवाज इतका होता की आता बोललो असतो तरी ऐकू गेलं नसतं. मला हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं.

मग साहेबांनी अहवाल सांगितला आणि मी लिहिला, कारण माझं अक्षर चांगलं होतं. "दिनांक अमुक रोजी सकाळी साडेसहा वाजता पाहणी केली असता, मेंढ्यांनी सदर जागा बसण्यासाठी टाळल्याचे आढळले." माझी लेखणी थांबली.

"काय झालं?"

"काही नाही, साहेब."

"तुम्हाला काही सांगायचंय का?"

"मेंढ्यांची संख्या लिहायची का?"

साहेबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "लिहा. सुमारे तीनशे."

दुपारपर्यंत नदीला पाणी आलेलं गावांना कळलं, आणि संध्याकाळी ट्रॅक्टर भरून माणसं आली. पुढे साहेबांचा चुलतभाऊ धुळा होता. साहेब चौकीबाहेर उभे, आबा पायरीवर बसलेले.

"लिंबा, काय चाललंय ह्ये?"

"पाणी कमी करतोय, धुळा. धरणाला धोका आहे."

"कुणी सांगितलं? कुठं फुटलंय दाव."

"फुटल्यावर दाखवून काय करू?"

"म्हंजे फुटलं न्हाईच की!" धुळाने मागच्या माणसांकडे पाहिलं. "आमी ऐकलं त्ये खरं का? मेंढरं बसली न्हाईत म्हणून पाणी सोडलंस?"

"हो."

"आरं, आमी काय शाळा शिकलो न्हाई, आमाला मेंढराचं कळतं म्हणून आमी मेंढरं राखतो. तुला शिकवून सायेब केला, त्यो कशापायी? मेंढरं राखायची हुती तर हितंच ऱ्हायचं हुतंस!"

कोणीतरी हसलं. त्या हसण्याची धुळालाही लाज वाटली असावी, कारण तो आबांकडे वळला. "तात्या, तुमी तर बोला. तुमच्या म्होरं हुतंय ह्ये. आपल्या गावाचं पाणी हाय. बसली न्हाईत का मेंढरं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "न्हाई बसली," ते म्हणाले.

"एकबी?"

"एकबी न्हाई. त्या कारकुनानं मोजलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही पुढे केली. ती कोणी घेतली नाही.

दार उघडल्यावर चौथ्या दिवशी निलंबनाचा कागद आला. धरणाचं पाणी तोवर चार मीटर खाली गेलं होतं. धरण जागच्या जागी होतं. साहेबांचं सामान घेऊन मी त्यांच्याबरोबर क्वार्टरवर गेलो. साहेबांच्या पत्नी कौसल्यावहिनी दारात उभ्या होत्या. आबा आदल्या दिवशीच, मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून, तिथे येऊन बसले होते.

"धरण राहिलं का?" वहिनींनी विचारलं.

"राहिलं."

"आणि नोकरी?"

"चौकशी लागलीय."

"मग जेवून घ्या. उपळेकर भाऊजी, तुम्हीपण बसा."

आम्ही तिघं एका ओळीत जेवलो. आबा आणि साहेब एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. मी मध्ये होतो.

महिन्याने चौकशी समिती बसली. आधी त्यांनी त्या पट्ट्यावर दोन खड्डे खणून घेतले. पाणी खाली गेल्यामुळे ते कोरडे निघाले. मग मला बोलावलं. अध्यक्ष वयस्कर होते आणि वागायला सभ्य होते. त्यामुळे जास्त भीती वाटली.

"उपळेकर, सरगरांनी सगळं या एका निरीक्षणावर केलंय. निदान ते निरीक्षण तरी खरं होतं का, एवढंच आम्हाला पाहायचंय. नसेल तर हा माणूस नोकरीत राहणार नाही. मेंढ्या त्या जागेवर बसल्या नव्हत्या?"

"साहेबांनी मोजायला सांगितलं तेव्हा पट्टा रिकामा होता."

"तो रिकामा कसा झाला? मेंढ्या आपणहून बसल्या नाहीत, की कुणी हाकलल्या?"

माझ्या एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाच खोटं बोललो.

"आपणहून," मी म्हणालो.

"तुम्ही पाहिलंत?"

"मी लवकर उठतो," मी म्हणालो. हे खरं होतं.

समितीने लिहिलं की निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. साहेबांची नोकरी राहिली. त्यांची बदली भांडारात झाली, जिथे सिमेंटची रिकामी पोती आणि मोडक्या दुर्बिणी ठेवतात. अशीच चार वर्षं गेली, आणि नंतरही त्यांना धरण कधी मिळालं नाही. गावी ते गेले की लोक विचारायचे, "सायेब, मेंढरं काय म्हणत्यात?" साहेब सांगायचे, "बरी आहेत."

पाणी सोडल्यानंतर दीड वर्षाने धरणाच्या पायथ्याशी नवा चर खणताना त्याच चौदा मीटरमध्ये, समितीच्या खड्ड्यांपासून तीन हात लांब, बाभळीचं जुनं खोड सापडलं. बांधकामाच्या वेळी कुणीतरी ते न काढता वर माती लोटली होती. खोड कुजून गेलं होतं, आणि त्याच्या मुळीच्या जागी धरणाच्या पोटात जाणारं एक भोक होतं. माणसाचा हात खांद्यापर्यंत जाईल एवढं. आत धुवून आलेली बारीक माती होती. भोक बुजवलं गेलं. तसं एक पत्र आमच्या कार्यालयात आलं आणि फायलीला लागलं. त्याची एक नक्कल मी साहेबांना नेऊन दिली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "आबांना दाखवायला हवी होती." आबा त्याच्या आदल्या महिन्यात गेले होते.

मेंढरं आपल्या बापाने उठवली हे साहेबांना कधी कळलंच नाही, बापाचं श्रेय मेंढरांना गेलं, आणि हे माझ्यामुळे, अशी माझी पुढे सदतीस वर्षं समजूत होती. साहेब निवृत्त होऊन विट्याला राहत होते. मी वर्षातून दोनदा जायचो, सांगायचं ठरवून जायचो आणि पुस्तकांवर बोलून परत यायचो. दोन हिवाळ्यांपूर्वी गेलो तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. आता नाही तर कधी नाही, असं वाटलं. वहिनी आत चहा करत होत्या.

"साहेब, निंबळ्याची ती मेंढरं," मी म्हणालो. "ती आपणहून उठली नव्हती. आबांनी उठवली. मी पाहिलं होतं."

साहेबांनी उशी पाठीमागे सरकवून घेतली. "माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? खाली गेलो तर त्या पट्ट्यावर लेंड्या पडलेल्या. ओल्या. वाफ निघत होती. गवत दबलेलं होतं. धनगराच्या पोराला मेंढरं आत्ता इथून उठलीत हे कळत नाही होय?"

"मग दार का उघडलंत?"

"उपळेकर, आमच्या घरात बसलेलं मेंढरू उठवत नाहीत. रवंथ करायला बसलेलं जनावर उठवणं म्हणजे जेवणाऱ्या माणसाला पानावरून उठवणं. लहानपणी मी एकदा उठवलं होतं, तर आबांनी मला दिवसभर उपाशी ठेवलं. नदीला पूर आला तरी म्हणायचे, थांबा, उठू द्या त्यांना. त्या माणसाने त्या सकाळी चौदा मीटर मेंढरं उठवली होती." त्यांनी श्वास घेतला. "आदल्या संध्याकाळी मी त्यांना दंव म्हणालो होतो."

"मग अहवालात मेंढ्या कशाला लिहिल्यात?"

"माझ्या वडिलांना भुई गार लागली, असं लिहिलं असतं तर चौबळांनी फाडून टाकलं असतं. मेंढ्यांचं वाचून त्यांना हसू आलं. त्यांनी ते वर दाखवायला पाठवलं. त्यांनी अजून वर. म्हणून तर कागद टिकला, ती जागा नोंदलेली राहिली."

"आबांशी बोललात का नंतर?"

"काय बोलणार? तुम्ही बसलेली मेंढरं उठवलीत हे मला कळलं, असं सांगू? त्यांना मान वर करता आली नसती. नाही बोललो." ते छताकडे बघत राहिले. "पोरगा आपलं ऐकत नाही, मेंढराचं ऐकतो, असं समजूनच गेले ते. त्याला काही इलाज नव्हता."

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी ट्रे स्टुलावर ठेवला.

"असं काही समजून नाही गेले ते," त्या म्हणाल्या.

साहेबांनी मान वळवली.

"तुमच्या आधी एक दिवस येऊन बसले नव्हते का घरी? तेव्हाच मला सगळं सांगितलं. म्हणाले, लिंबाला कळलंय. मी म्हटलं, कशावरनं? तर म्हणाले, एवढं पाणी मेंढराच्या शब्दावर कुणी सोडत न्हाई."

चहावर साय धरायला लागली.

"मला का नाही सांगितलंस?" साहेब म्हणाले.

"तुम्ही दोघं बोलत नव्हतात. मला वाटलं, बोलून झालंय."

साहेबांनी पांघरुणाची कड नीट केली. मग ती पुन्हा नीट केली. "आणखी काय म्हणाले?"

"आणखी काही नाही. भाकरी वाढ म्हणाले."

जरा वेळाने साहेबांनी तोच प्रश्न पुन्हा एकदा विचारला, आणि वहिनींनी पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं.